संधी आली, पाचारण आले का?



सामान्य काळातील तेविसाव्या रविवारच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) प्रभू येशूमागे मोठा लोकसमुदाय चालला आहे. गर्दी पाहून खूश होण्याऐवजी येशू मागे वळतो आणि त्या गर्दीलाच थांबवतो. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहायचे आणि येणारे-जाणारे हसायचे, असा दाखला तो देतो.

आपल्या वसईच्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. घर बांधायला काढले की रेती, सिमेंट, सळई, मजुरी हे सारे आपण वहीत मांडतो. पण येशूला त्या वहीतला हिशेब नको आहे. त्याच्या मागे चालायचे तर काय सोडावे लागेल, याचा हिशेब तो मागतो. हा हिशेब आपण कधी बसून केला आहे का?

गेल्या काही काळात तीन निरनिराळ्या घरांतली माणसे आमच्याकडे आली. (कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एका घरी वडिलोपार्जित वाडीला चांगला भाव आला होता. दुसऱ्या घरी पती-पत्नी दोघांनाही परदेशी नोकरीचे पत्र आले होते. दोन लहान मुले आजीकडे ठेवून जायचे ठरत होते. तिसऱ्या घरच्या तरुणाची नोकरी जवळजवळ पक्की होती, फक्त आधी कोणाला तरी काही ‘द्यावे’ लागणार होते. प्रश्न तीन, पण तिघांचेही पहिले वाक्य एकच होते : “फादर, संधी आली आहे, आशीर्वाद द्या.”

सल्ला कोणीच मागितला नाही. निर्णय झालेला होता. त्यावर देवाचा शिक्का तेवढा हवा होता. आणि आम्ही मान्य केले पाहिजे की परदेशी निघालेल्या त्या जोडप्याला आम्हीही फारसे काही न विचारता आशीर्वाद दिला. पाच-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी मिस्सा संपल्यावर त्या मुलांची आजी भेटली. तिने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, “फादर, पोर रोज रात्री विचारते, मम्मी कोणत्या रविवारी येणार? मी काय सांगू?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आशीर्वाद देण्यापूर्वी आम्ही जो प्रश्न विचारायला हवा होता, तो त्या सात वर्षांच्या मुलीने विचारला होता.

गैरसमज नसावा. संधी हे पाप नव्हे. परदेशी जाऊन घाम गाळणाऱ्या आपल्या माणसांनी कितीतरी घरे उभी केली, भावंडांना शिकवले, आजारी आईवडिलांची औषधे केली. काहींपुढे तर दुसरा मार्गच नसतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न वेगळा आहे. जिथे आपल्याला निवड करता येते, तिथे आपण कशाच्या आधारावर निवड करतो?

पवित्र शास्त्रात लोटाची गोष्ट आहे (उत्पत्ती १३). अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरेढोरे इतकी वाढली, की गुराख्यांची भांडणे होऊ लागली. अब्राहाम वडीलधारा, पण त्याने पहिली निवड पुतण्याला दिली. लोटाने नजर वर करून पाहिले, तर यार्देनेचे खोरे हिरवेगार, पाण्याने भरलेले. त्याने तेच घेतले. यात चुकीचे काय? पाणी पाहून जमीन घेणे हा शेतकऱ्याचा शहाणपणाच. पण लोटाने जमीन पाहिली, शेजार पाहिला नाही. आपला तंबू हलवत हलवत तो सदोमापर्यंत गेला. पुढे तो सदोमातच राहू लागला आणि शेवटी सगळे मागे टाकून त्याला तिथून पळावे लागले. लोट काही देवाला विसरून निघाला नव्हता. निर्णय घेताना त्याने देवाला विचारल्याचा उल्लेख मात्र सापडत नाही. अब्राहामाकडे उरलेली जमीन आली, पण त्याचे जगणे देवाच्या शब्दावर उभे होते. तो जिथे गेला तिथे त्याने वेदी बांधली.

आता आपल्याच मातीतल्या संताकडे पाहू. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. त्यांच्या चर्चचे भग्नावशेष वसईच्या किल्ल्यात आजही पाहायला मिळतात. कोवळ्या वयातच ते या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासून इच्छा होती. तो मिळाला नाही.

तरुण वयात नकार आला की माणूस काय म्हणतो? “देवाची इच्छा नसेल.” गोन्सालो व्यापारात उतरले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. धंद्यात जम बसला. वसईचा एक मुलगा पूर्वेच्या समुद्रावरचा व्यापारी झाला! आजच्या भाषेत त्यांचे ‘सेटल’ झाले होते. कोणीही नातेवाईक म्हणाला असता, देवाने एक मार्ग बंद केला आणि दुसरा उघडला, आता तक्रार कसली?

पण गोन्सालोंनी धंद्यातील यशाला देवाचे उत्तर मानले नाही. आतला आवाज गप्प बसला नव्हता. मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. जी भाषा व्यापारात पैसा मिळवून देत होती, तीच आता शुभवर्तमानासाठी आणि गोरगरिबांच्या, रुग्णांच्या सेवेसाठी वापरली गेली. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यांची मर्जी फिरली, अटकसत्र झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते. १६२७ साली त्यांना ‘धन्य’ आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी ‘संत’ घोषित केले.

बंधू-भगिनींनो, आपण त्यांचा सण साजरा करतो, नोव्हेना करतो, मुलांना त्यांचे नाव देतो. पण आपल्या घरातला मुलगा चांगला चाललेला धंदा सोडून व्रतस्थ व्हायला निघाला, तर आपण पेढे वाटू की त्याला समजावायला चार पाहुणे बोलावू? खरे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाला द्यावे.

संत गोन्सालोंच्या जीवनातून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादी गोष्ट सहज मिळाली म्हणजे ती देवाचीच इच्छा, असे नाही. आणि अडथळा आला म्हणजे देवाचा नकार, असेही नाही. मग देवाची इच्छा ओळखायची कशी?

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात ते एक साधी गोष्ट दाखवून देतात. पुष्कळ लोक आधी लग्न किंवा पद ठरवतात आणि त्यानंतर त्यात देवाची सेवा कशी करता येईल हे पाहतात. म्हणजे साधन आधी, ध्येय मागाहून. आपण देवाकडे जात नाही. देवानेच आपल्या मनासारख्या जागी यावे, असा आपला आग्रह असतो. वास्तविक आधी ध्येय ठरायला हवे : मला देवाची स्तुती व सेवा करायची आहे आणि माझ्या आत्म्याचे तारण साधायचे आहे. मग नोकरी, लग्न, जमीन, परदेश या साऱ्याकडे त्या ध्येयाला पोषक की मारक, या दृष्टीने पाहायचे.

ते काही कसोट्याही सांगतात. पहिली : मी कधी न पाहिलेला एक माणूस याच प्रश्नासाठी माझ्याकडे आला, तर त्याच्या भल्यासाठी मी त्याला काय सांगेन? जे त्याला सांगेन, ते मी स्वतः करावे. दुसरी : मी मृत्युशय्येवर आहे असे समजून, त्या वेळी आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल? तिसरी : न्यायाच्या दिवशी प्रभूसमोर उभा असताना काय वाटेल?

या तीन कसोट्यांना आम्ही आपल्या घरांसाठी चौथी जोडू इच्छितो : या निर्णयाची किंमत कोण मोजणार आहे, आणि त्याला आपण विचारले आहे का? वाडी विकताना सही फक्त भावांची झाली की लग्न होऊन गेलेल्या बहिणीशीही मनमोकळे बोलणे झाले? म्हातारी आई ज्या खोलीत राहते, तिचे काय ठरले? मुले आजीकडे राहणार, तर आजीच्या गुडघ्यांना विचारले का?

त्या वाडीवाल्या कुटुंबाला आम्ही हेच विचारले. ते परत गेले, बहिणीला बोलावले आणि आईसमोर बसले. वाडी त्यांनी शेवटी विकलीच, पण राहत्या घराभोवतीचा तुकडा आईच्या हयातीत विकायचा नाही, आणि बहिणीचा वाटा तिच्या हातात द्यायचा, असे ठरले. पैसा कमी आला. रविवारी ती सगळी भावंडे एकाच बाकावर बसलेली दिसतात.

नोकरीसाठी पैसे मागितलेल्या त्या तरुणाने पैसे दिले नाहीत. ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. आज तो कमी पगारावर काम करतो आणि घरात अजून नाराजी आहे. ‘देव तुला याहून चांगली नोकरी देईल,’ असे आम्ही त्याला सांगितले नाही, कारण तसे वचन प्रभूने दिलेले नाही. प्रभूने क्रूस उचलण्याविषयी सांगितले आहे. आम्ही त्याला एवढेच सांगितले की तू एकटा नाहीस. हे आमचे शब्द खरे करणे ही आता तुम्हा-आम्हा सर्वांची, या धर्मग्रामाची जबाबदारी आहे. प्रामाणिकपणे मागे राहिलेल्या माणसाला आपणच हसलो, तर मुलांनी श्रद्धेने निर्णय घ्यावेत असे कोणत्या तोंडाने सांगणार?

या आठवड्यात एक करू या. आपल्या घरात एखादा निर्णय लोंबकळत असेल, तर रात्रीची रोझरी झाल्यावर टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून दहा मिनिटे बसू या. लहानांनाही बोलू देऊ या. फायदा काय, हे आपल्याला ठाऊकच असते. या निर्णयामुळे आपण ख्रिस्ताच्या जवळ जाणार की दूर, एवढेच एकमेकांना विचारू या. आणि येथून पुढे कोणी ‘संधी आली आहे’ म्हणून आशीर्वादासाठी आले, तर आम्हीही आधी बसायला खुर्ची देऊ, चार प्रश्न विचारू आणि मगच हात वर करू. तुम्ही रागावू नये.

हे प्रभू येशू, संत गोन्सालोंना तू भरल्या दुकानातून बोलावलेस. आमच्या हिशेबाच्या वहीत तुझ्यासाठीही एक पान राखण्याची बुद्धी आम्हाला दे. जे दूर गेले आहेत त्यांना सांभाळ, जे मागे राहिले आहेत त्यांना धीर दे, आणि निवड करण्याची वेळ येईल तेव्हा आम्हाला तुझ्या बाजूला ठेव. आमेन.