परत न येणारं गिऱ्हाईक

येझदी गाडी म्हैसूरच्या कारखान्यात बनायची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तरी आमच्या कुणकेश्वरात अजून एखादी येझदी धडधडत येते. खाऱ्या वाऱ्याने गंजून धरलेले तिचे नट बघून मेस्त्री आधी त्यांत तेल सोडतो.

हेड परत बसवणं वरवर सोपं काम. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे हेडात व्हॉल्व्ह नाहीत. काजळी खरवडायची, पॅकिंग ठेवायचं, चार नट आवळायचे. पण एकच नट एकदम आवळला तर हेड तिरकं बसतं. म्हणून समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. तांब्याचं जुनं पॅकिंग दाबून दाबून कडक झालेलं असतं. ते लाल तापवलं की पुन्हा मऊ होतं. हे सगळं टाळलं तरी गाडी चालू होतेच. कॉम्प्रेशन सुटतं ते पुढे कधीतरी, वाटेत.

मग एवढं कशाला करायचं? गिऱ्हाईक गावातलं असेल तर उत्तर सोपं आहे, उद्या ते बाजारात भेटणार. पण महाशिवरात्रीच्या जत्रेला घाटावरून आलेला, पुन्हा कधी न दिसणारा माणूस? त्यावर आमचा मेस्त्री म्हणतो, "गावचो माणूस गाडी ढकलीत तरी घराक जायत. ह्येका रातचो फोंडाघाट चढूचो आसा."

ओळखीपोटी आपण चोख वागतो, त्यात थोडा व्यवहार असतोच. ज्याला जाब विचारायला परत येता येणार नाही, त्याचं देणं त्याहून मोठं.