अपमान कुणाच्या मनात असतो?

लुइझियाना राज्याने १८९०मध्ये रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. या कायद्याला आव्हान द्यायचे म्हणून कायद्याने कृष्णवर्णीय ठरणारा होमर प्लेसी १८९२मध्ये न्यू ऑर्लीन्सला मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये सात विरुद्ध एक मताने कायदा उचलून धरला. न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन यांच्या निकालपत्रातला खरा दावा कायद्याचा कमी आणि तत्त्वज्ञानाचा जास्त आहे. वेगळ्या डब्यात कुणाला हीनपणा दिसत असेल, तर तो अर्थ कृष्णवर्णीयांनी स्वतःच लावलेला, असे ते म्हणतात. थोडक्यात, अपमान कृतीत नसतोच, तो सोसणाऱ्याच्या मनात असतो.

हा दावा त्याच कायद्यातल्या एका सवलतीपुढे टिकत नाही. दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना बंदी लागू नव्हती. गोरे बाळ मांडीवर असेल तर कृष्णवर्णीय दाई गोऱ्यांच्या डब्यात चालायची. तीच बाई साधी प्रवासी म्हणून बसली की गुन्हा. विटाळ सहवासाचा नव्हता, बरोबरीचा होता. अर्थ कलमातच लिहिलेला असताना तो वाचणाऱ्याच्या मनाला दोष कसा द्यायचा? एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन वेगळ्या वाटेने इथेच पोचले: गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यापासून दूर ठेवायला हा कायदा झालेला नाही, हे सगळेच जाणतात. मनातली तेढ कायद्याने जात नाही, हे बहुमताचे म्हणणे खोटे नाही. पण सरकार इथे तटस्थ कुठे होते? ज्यांना शेजाराची हरकत नव्हती, त्यांनाही ते दंडाचा धाक घालून उठवत होते.

हार्लन यांच्यावरचा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्याच भिन्नमतात त्यांनी चिनी लोकांविषयी तुच्छतेने लिहिले. १८९९मध्ये जॉर्जियातले कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद करण्यास मुभा देणारा निकालही त्यांचाच. स्वतः मांडलेले समतेचे तत्त्व त्यांना पेलले नाही. तरी १८९९च्या त्या निकालावर टीका करायची, तर सर्वांत धारदार युक्तिवाद १८९६च्या त्यांच्या भिन्नमतातच मिळतो. पुढे १९५४मध्ये न्यायालयाने एकमताने शाळांमधली विभागणी घटनाबाह्य ठरवली, पण भर दिला तो मुलांच्या मनावरच्या आघातावर. म्हणजे प्रश्न पुन्हा मनातच नेला. फक्त या वेळी मनाची साक्ष ग्राह्य धरली. मला हे अपुरे वाटते. एखादे मूल न दुखावता वाढले असते, तर त्याची वेगळी शाळा न्याय्य ठरली असती का? दोन वर्षांनीही याचे उत्तर मिळाले नाही: माँटगोमेरीच्या बसगाड्यांमधली विभागणी रद्द करणारा खालच्या न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, तोही सविस्तर कारणे न देता.