अभिजन आणि निवासी

'अभिजन' हा शब्द आज विद्या, संपत्ती अथवा सत्ता यांच्या बळावर समाजाला वळण लावणाऱ्या अल्पसंख्य वर्गासाठी योजला जातो. संस्कृत व्याकरणपरंपरेत मात्र त्याचा निराळा अर्थही आहे. माणूस सांप्रत जेथे राहतो तो त्याचा 'निवास'. त्याचे पूर्वज जेथे राहिले तो त्याचा 'अभिजन'. पाणिनीने नोंदविलेला हा भेद बंगळुरूच्या दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटीचा विचार करताना उपयोगी पडतो.

केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने 1970 च्या दशकात कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर भूमीवर ही वसाहत आखली. अग्रहार म्हणजे विद्वानांना दान दिलेली भूमी. नव्या विद्येच्या उपासकांनाही ती शासनाकडूनच लाभली. पुढे 2010 साली येथवर पथकर आकारणारा उन्नत मार्ग झाला आणि 2013 साली वसाहतीला औद्योगिक नगरीचे स्वतंत्र प्राधिकरण मिळाले. निर्वाचित नगरपालिकांना घटनात्मक प्रतिष्ठा देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीनेच, उद्योगसंस्था जेथे नागरी सेवा पुरवितात तेथे नगरपालिका नसली तरी चालेल, अशी मुभा ठेवली आहे. कारभार कार्यक्षम असला, तर मतदाराची गरज काय, हा अभिजनांचा अनुच्चारित प्रश्न या तरतुदीत दडलेला आहे.

लोकानुनयाचे राजकारण या प्रश्नाला आव्हान देते, आणि तो रोष निराधार नसतो. ज्यांची भूमी गेली त्यांच्या मुलांना प्रवेशद्वारावर पहारेकऱ्याचेच काम मिळावे, ही शक्यता कोणालाही बोचेल. जुलै 2024 मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांतील व्यवस्थापकीय पदांपैकी 50 टक्के व अन्य पदांपैकी 70 टक्के पदे स्थानिकांसाठी राखणाऱ्या विधेयकाला संमती दिली. उद्योगजगताने विरोध करताच काही दिवसांतच ते स्थगित झाले. लोकांच्या नावाने घेतलेला निर्णय लोकांना न विचारताच मागे घेतला गेला.

वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघेही अधिकार मागतात तो 'अभिजना'च्याच आधारे: एक शब्दाच्या नव्या अर्थाने, गुणवत्तेच्या बळावर; दुसरा जुन्या अर्थाने, पूर्वजांच्या भूमीच्या बळावर. उपाहारगृहात भांडी घासणारा, परप्रांतातून आलेला मजूर यांपैकी कोणत्याच अर्थात बसत नाही. त्याच्यापाशी केवळ निवास आहे.

1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी दाखवून दिले होते, की शासनाचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गाला मिळतो. त्या युक्तिवादात विद्येचा द्वेष नव्हता; विद्येवरील ऋणाची जाणीव होती. लोकानुनय हे ऋण वसूल करण्याची भाषा बोलतो, पण ऋणको कोण आणि धनको कोण, हे स्वतःच ठरवितो. अभिजन तर ऋणच नाकारतात.

श्रेष्ठांचा वर्ग कोणत्याही समाजात निर्माण होणारच. त्याचा उच्छेद हा उपाय नव्हे. ज्ञानाने अधिकार मिळतो, पण त्या अधिकाराचा हिशेब द्यायचा असतो तो जेथे आपण आज राहतो तेथील सर्वांना, त्यांचे पूर्वज कोठलेही असोत. लोकशाही उभी राहते ती अभिजनावर नव्हे, निवासावर.