कर्त्याचा शोध : विवेक, वाक्य आणि आचरण

१८८८ या एकाच वर्षात गोपाळ गणेश आगरकरांच्या हातून दोन कामे झाली. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ऑक्टोबरात ‘सुधारक’ सुरू झाले. पहिल्याची नोंद व्याकरणाच्या इतिहासात होते, दुसऱ्याची प्रबोधनाच्या. दोन्हींची दफ्तरे वेगळी राहिली आहेत. आगरकरांनी या दोहोंत हेतुतः नाते जोडले, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु वाक्याचे अवयव सुटे करून प्रत्येकाचे कार्य विचारणारी बुद्धी आणि रूढीचे अवयव सुटे करून प्रत्येकाचे प्रयोजन विचारणारी बुद्धी एकच आहे, एवढे मानण्यास हरकत नसावी.

मराठीत विवेकवादाची चर्चा बहुधा मतांच्या अंगाने होते. ग्रंथप्रामाण्य नाकारणे, ईश्वराविषयी संशय बाळगणे, स्त्रीपुरुषांची समता मानणे अशी एक यादी तयार असते, आणि ती ज्याला मान्य तो विवेकी ठरतो. यातली अडचण उघड आहे. मते वारशाने मिळतात, पाठ करता येतात, सभेत मांडता येतात. ती मांडणाऱ्याने स्वतः विचार केला असेलच असे नाही. स्वच्छ विचार ही क्रिया आहे आणि ती मतांच्या पातळीवर नव्हे, तर वाक्याच्या पातळीवर घडते. तिचा पहिला प्रश्न ‘हे खरे आहे काय?’ हा नसून ‘हे कोण करतो?’ हा आहे.

रूढीची भाषा लक्षपूर्वक ऐकली तर हा प्रश्न का विचारावा लागतो ते कळते. ‘शास्त्रात सांगितले आहे’ या वाक्यात सांगणारा नाही. ‘असे करतात’ यात करणारे अनेक आहेत, पण त्यांतला एकही समोर उभा करता येत नाही. ‘पूर्वापार चालत आले आहे’ यात तर रूढीच स्वतःच्या पायांनी चालत येते. तिला चालविणारी माणसे दिसेनाशी होतात. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. दोष त्यांच्या रचनेत नाही, त्यांच्या वापरात आहे. कर्ता अनुक्त ठेवण्याची जी सोय भाषेने संक्षेपासाठी दिली, तिचा उपयोग समाज उत्तरदायित्व टाळण्यासाठी करतो.

विधवेच्या केशवपनाचे उदाहरण घ्यावे. सनातन्यांच्या बोलण्यात ते ‘होत’ असे, ‘करावे लागत’ असे. आगरकरांनी त्याविरुद्ध जे लेखन केले त्याचा रोख शास्त्राधाराची निरर्थकता दाखवण्याकडे आणि घरातल्या पुरुषांच्या बुद्धीला व करुणेला आवाहन करण्याकडे होता. ‘होते’ या क्रियापदामागे बाप, सासरा, भाऊ, भटजी उभे आहेत हे त्यांनी वाचकाला पाहावयास लावले. पण या वाक्यातला आणखी एक माणूस त्या वाचकवर्गाच्या नजरेतून बहुतांशी निसटलेला होता. ज्याच्या हाती वस्तरा होता तो न्हावी हा वाक्यात असलाच तर करण म्हणून होता, म्हणजे वस्तऱ्याच्याच विभक्तीत. सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा हे करणच कर्ता झाले. वाक्याचे इतके मूलगामी पृथक्करण एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही निबंधात सापडणे कठीण. यावरून निबंध निष्फळ होता असे ठरत नाही. मात्र स्वच्छ विचार करणाऱ्यालाही कर्ता कोठे शोधावा हे त्याची जागा ठरवीत असते, एवढे निश्चित होते. आगरकरांचा विवेक शिकलेल्या घराच्या उंबरठ्याआत अत्यंत तीक्ष्ण होता. उंबरठ्याबाहेरचा न्हावी विचार करणारा माणूस आहे, हे जोतीराव फुल्यांच्या परंपरेला सहज दिसले.

समाजाच्या वाक्यांपेक्षा स्वतःच्या वाक्यांत कर्ता शोधणे अवघड असते. मराठीत त्यासाठी एक फार सोयीची रचना आहे : ‘मला तसे करावे लागले.’ ज्याने कृती केली तो चतुर्थीत जाऊन बसतो. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, ‘लागले’ ते ‘लागले’च. ‘मी तसे केले’ यातही क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, असे वैयाकरण लगेच दाखवून देतील. ते खरे आहे. परंतु तेथे कृतीचा उगम ‘मी’पाशी राहतो, येथे तो सरकून कोठल्यातरी अनामिक सक्तीपाशी जातो. मनुष्याच्या नैतिक आयुष्याचा मोठा भाग या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडतो.

महादेव गोविंद रानड्यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते, आणि बहुधा अन्यायाने दिले जाते. पुनर्विवाहाच्या चळवळीत अग्रभागी असलेल्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, वयाच्या ३१व्या वर्षी ११ वर्षांच्या मुलीशी विवाह केला. वडिलांविषयीचा आदर खरा होता, दडपणही खरे होते. म्हणून ‘करावे लागले’ हे वाक्य येथे खोटे नाही. पण ते पुरेही नाही. त्या प्रसंगी जिला कोणी विचारले नाही अशी एक अकरा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या दृष्टीने पाहिले तर कर्ता स्पष्ट होता. पुढे याच रमाबाईंना रानड्यांनी घरच्यांच्या विरोधास न जुमानता शिकविले. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र हे त्या शिक्षणाचे फलित आहे. शिक्षणाने विवाहाची भरपाई झाली काय, हा हिशेब करण्याचा अधिकार टीकाकाराला नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, रानड्यांच्या विचारांतील स्वच्छता त्या एका विसंगतीने खोटी ठरत नाही, आणि त्या स्वच्छतेने विसंगती पुसलीही जात नाही.

संतपरंपरेने उक्ती आणि कृती यांच्या एकरूपतेचा आदर्श मराठी मनावर इतका बिंबविला आहे की, ज्याच्या आचरणात उणीव दिसली त्याचा विचारच बाद करण्याकडे आपला कल असतो. ‘सुधारक’ काढताना आगरकरांनी केलेली प्रतिज्ञा या कलाच्या विरुद्ध जाणारी आहे. बोलण्याला त्यांनी इष्टतेचे माप लावले, करण्याला साध्यतेचे. ही दोन मापे वेगळी ठेवण्यात ढोंगाला मोकळीक मिळते, असा आक्षेप घेता येतो, आणि तो फोल नाही. तथापि मापे एक केली तर काय होते? बोलणारा आधी आपण किती करू शकू याचा अंदाज घेतो आणि तेवढेच इष्ट म्हणून सांगू लागतो. भित्र्याचे तत्त्वज्ञान असेच जन्मते. आपल्या दुर्बलतेला सिद्धान्ताचे रूप देणाऱ्या माणसापेक्षा, इष्ट काय ते पूर्ण उच्चारून आपण त्यातले किती केले हे उघडपणे मोजू देणारा माणूस अधिक प्रामाणिक होय. फक्त ‘साध्य’ या शब्दावर पहारा ठेवावा लागतो. ‘साध्य नव्हते’ हे वाक्यही कर्त्यावाचूनचे आहे. ‘करावे लागले’ याचे ते सख्खे भावंड. कोणाला साध्य नव्हते, कोणती किंमत द्यावयाची नव्हती म्हणून साध्य नव्हते, हे विचारल्याखेरीज त्याला पृथक्करणातून सुटका नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी हे दोन्ही प्रश्न स्वतःला विचारलेले दिसतात. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. जे लोकांना सांगितले ते स्वतःच्या शरीरावर आधी करून पाहिले. विवेकाने आयुष्य सुधारते असे म्हणणाऱ्याने हे चरित्र समोर ठेवावे आणि मग ‘सुधारते’ या क्रियापदाचा अर्थ सांगावा. सुख, प्रतिष्ठा, स्थैर्य या अर्थांनी कर्व्यांचे आयुष्य सुधारले नाही. चाळीशीही न गाठता १८९५ मध्ये गेलेल्या आगरकरांचेही नाही. सुधारले ते इतकेच की, त्यांच्या जगण्यातली वाक्ये कर्त्यासह उभी राहिली. हा लाभ लहान वाटेल त्याला तो लहानच वाटो. तो मोठा असल्याचे आमिष दाखवून विवेकाचा प्रसार करणे हे विवेकाला शोभणारे नव्हे.

समाजाचे काय? नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात अनेक वर्षे रखडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. इतकी वर्षे ‘होत नव्हते’ ते एका मृत्यूनंतर ‘झाले’. या दोन्ही क्रियापदांचे कर्ते कोण, हे शोधण्याचे काम राजकीय इतिहासकारांचे आहे. फौजदारी कायद्याचे वाक्य मात्र कर्त्यावाचून उभेच राहू शकत नाही. कोणी, काय, कोणाला केले हे त्याला सांगावेच लागते, आणि त्यामुळे मांत्रिक त्याच्या कक्षेत येतो. पण आजारी मुलाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणारा बाप, शिकलेला असूनही ‘घरच्यांसाठी जावे लागले’ असे सांगणारा भाऊ, ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणणारी आजी यांच्या वाक्यांपर्यंत कायदा पोहोचत नाही. पोहोचू नये हेही बरे. ती वाक्ये न्यायालयात नव्हे, स्वयंपाकघरात बोलली जातात, आणि तेथे ‘म्हणजे कोण करतात?’ असे विचारणारा माणूस बहुधा त्याच घरातला, ती आजी जिच्यावर माया करते असाच असावा लागतो.