तारणाऱ्या औषधाविरुद्ध तक्रार

आपल्या सुरतेतील मराठी घरांत या आजाराला नावांची उणीव नाही. जुनी माणसे फेफरे म्हणतात, कोणी आकडी म्हणतात; शेजारची गुजराती मंडळी खेंच म्हणतात आणि तो शब्दही आता आपलाच झाला आहे. मात्र घरात यांपैकी एकही शब्द मोठ्याने उच्चारला जात नाही. ‘तिची गोळी’ एवढेच म्हटले जाते, आणि ती गोळी वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालते. या दीर्घ सोबतीतून उद्भवणारा एक प्रश्न आम्हाला येथे मांडावयाचा आहे. ज्या औषधाने आपल्याला तारले, त्यानेच सावकाश केलेल्या हानीबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरतो काय?

फेनिटॉइनचे उदाहरण घेऊ. १९३८ पासून अपस्मारावर वापरात असलेले हे स्वस्त आणि गुणकारी औषध. त्याच्या बळावर कितीतरी माणसांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. परंतु ते वर्षानुवर्षे घेतल्यास हिरड्या सुजून वाढू शकतात, अंगावरील लव दाट होते, आणि काही रुग्णांचा लहान मेंदू झिजून चालताना तोल जाऊ लागतो. यकृतातील विकरे उत्तेजित झाल्याने ड जीवनसत्त्वाचा लवकर नाश होतो व हाडे ठिसूळ होतात. हा दोष फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन यांतही आहे. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोष्ट याहून गंभीर. गरोदरपणी ते घेतल्यास शंभरांतील सुमारे १० अर्भकांत जन्मजात व्यंग आढळते, आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडथळा येऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून हे औषध दिले जात होते. कित्येक मातांना हा धोका सांगितलाच गेला नव्हता, हे तेथील सरकारने नेमलेल्या समितीने २०२० साली स्पष्टपणे नोंदविले.

यावर एक उत्तर हमखास मिळते : मग काय झटके येऊ द्यायचे होते? हे उत्तर बिनतोड वाटते, पण ते भलत्याच प्रश्नाचे आहे. रुग्णाचे गाऱ्हाणे औषध दिल्याबद्दल नसते. ते न सांगितल्याबद्दल असते. वेळीच सांगितले असते तर ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली असती, दातांची निगा राखली गेली असती, कदाचित औषधही बदलता आले असते. उपकाराने सांगण्याचे ऋण फिटत नाही.

डॉक्टरांची बाजूही हलकी नाही. बाहेर शंभर माणसे ताटकळत असतात. शिवाय परिणामांची यादी ऐकून घाबरलेला रुग्ण गोळी एकाएकी बंद करतो, आणि ती अशी बंद करणे प्राणघातक ठरू शकते. ही भीती खरी आहे. तरीही आमचे मत असे की, भीतीपोटी पाळलेले मौन पहिल्या भेटीत क्षम्य असेल, पंधराव्या वर्षी नव्हे. तीच चिठ्ठी पुन्हा लिहिताना तोच प्रश्न पुन्हा विचारावयास हवा.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात ती रुग्णालये वगळली. म्हणजे ज्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही, त्यालाच हे दार बंद. २००८ च्या निवाड्यात उपचाराचे लाभ, मोठे धोके आणि पर्याय सांगितल्याविना घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असे ठरले. पण किती सांगावे याचे माप वैद्यकीय व्यवसायाच्या रूढ प्रथेवरच सोडले गेले. २०१९ च्या कायद्याने अपुऱ्या सूचनेबद्दल उत्पादकालाही जबाबदार धरले, तथापि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या वस्तूबाबत त्या तज्ज्ञाला योग्य रीतीने सावध केले असल्यास उत्पादक मोकळा होतो. सूचना डॉक्टरांपर्यंत पोहोचली की कंपनीपुरती ती पोहोचली.

खरी अडचण काळाची आहे. ग्राहक आयोगापुढे तक्रार करण्यास मुदत दोन वर्षांची, आणि हाडे ठिसूळ व्हावयास लागतात वीस. गोव्यातील एका परिचारिकेचे प्रकरण येथे आठवते. १९९३ साली मुंबईत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली; पोटात राहिलेली जाळीची पट्टी २००२ साली सापडली. सुप्त हानीच्या बाबतीत ती उघड होईल तेव्हापासून मुदत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली विचारात घेतले, तरी तिची तक्रार मुदतबाह्य ठरविली; इतकी वर्षे दुखत असताना, त्यातून स्वतः परिचारिका असताना, तिने त्या शल्यविशारदाकडे विचारणा का केली नाही, असा रोख होता. गोळीच्या बाबतीत तर दुखणे कोठले आणि वय कोठले, हेही कळत नाही. गुडघा धरला की आपण म्हणतो, झाले आता वय.

पुरावा तरी कोठून आणावा? २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षे जपावयाच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावयाच्या. जुनी कागदपत्रे उरलीच तर ती घरातच, आणि घराने ती मुद्दाम नष्ट केलेली असतात. याला कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके हिंदू विवाहाला कायदेशीर अडथळा ठरले. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. त्या तेवीस वर्षांत मुलीच्या लग्नाआधी चिठ्ठ्या फाडणाऱ्या आईबापांना दोष देणे आम्हाला जमत नाही. सासरी ती गोळी डोकेदुखीची म्हणून घेतली गेली, डबीवरचे नाव खरवडले गेले. आज साठी ओलांडलेल्या त्या बाईंच्या मांडीचे हाड मोडते, नवे डॉक्टर विचारतात, ‘कोणते औषध, किती वर्षे?’ आणि त्या आधी दाराकडे पाहतात, मुलगा-सून बाहेर गेली आहेत ना.