अवयवी कुठे असतो?

आमच्या संग्रहातला एक जुना नकाशा स्कॅन केल्यावर २०,००० बाय १५,००० पिक्सेलचा झाला. मेमरीत उलगडला की ९० कोटी बाइट. चौघांनी एकदम मागितला की सर्व्हरची जावा हीप, म्हणजे त्याच्या वाट्याची मेमरी, भरलीच म्हणायची. नुसती हीपची मर्यादा वाढवत बसणं मला आळशीपणाचं वाटतं. मी त्याची पिरॅमिड टिफ केली (एकाच फाइलीत मूळ चित्र आणि त्याच्या लहान-लहान होत जाणाऱ्या प्रती), ५१२ पिक्सेलच्या टाइल पाडल्या, कँटालूप या चित्रं पुरवणाऱ्या सर्व्हरला कॅशसाठी डिस्कवर जागा दिली. आता पडद्यावर लागतील तेवढ्याच टाइल जातात.

मग अख्खा नकाशा पाहिला कोणी? बौद्ध म्हणतील, तुकड्यांपलीकडे नकाशा नाहीच, ते व्यवहारापुरतं नाव. न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणतात, अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, अवयवांहून निराळा. वस्तूचं एक टोक धरून ओढलं की सगळी वस्तू येते, ती उगाच नाही. पिरॅमिडच्या टोकाशी पूर्ण नकाशा दिसतो खरा, पण अंधूक. गावांची नावं तिथे वाचता येत नाहीत. तोही एक तुकडाच! इथवर बौद्धांची सरशी. पण कुठली टाइल कुणाशेजारी, हे संपूर्णाची लांबी-रुंदी ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही, आणि ती कुठल्याच टाइलमध्ये नसते. माझं मत नैयायिकांना.