दार उघडं, वाट कुणाला ठाऊक?

“राम रेड्डी चांगले राज्यशास्त्रज्ञ होते, पण पुढे खुर्च्यांमध्ये हरवले.” हैदराबादच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं हे वाक्य बरेच दिवस टोचतं आहे. जी. राम रेड्डी १९७७ ते १९८२ उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. मग आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९८५ पासून इग्नूचे पहिले कुलगुरू, शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. १९९५ मध्ये ते गेले. पदं सर्वांना माहीत आहेत. पद आलं म्हणजे अभ्यास संपला, हे मात्र मला पटत नाही.

पंचायत राज हा त्यांचा विषय. १९८५ मध्येच त्यांनी जी. हरगोपाल यांच्याबरोबर खेड्यातल्या ‘पैरवीकारा’वर एक निबंध प्रसिद्ध केला. गावकऱ्याला कचेरीपर्यंत नेणारा, साहेबाशी बोलणारा, त्याचा मोबदला घेणारा हा माणूस. मराठवाड्यातल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. कर्ज, विहीर, घरकुल, सगळ्या योजना कागदावर सर्वांसाठी असतात. पण दार उघडं असणं वेगळं आणि वाट ठाऊक असणं वेगळं. त्या दोन्हींमधल्या अंतरावर पैरवीकार जगतो.

उस्मानियाचं दार तर कधीकाळी चक्क बंदही झालं होतं. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यातल्या अनेकांना सामावून घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र जे नागपूरला जाऊ शकले नसतील, त्यांची आठवण जास्त येते. परगावी राहायला पैसा लागतो, घरची परवानगी लागते.

पुढे हैदराबाद कारखान्यांचं शहर झालं. रामचंद्रापुरमला भेल, बालानगरला आयडीपीएल. पाळीत काम करणाऱ्याला सकाळी दहाचं कॉलेज कसं जमणार? १९८२ चं मुक्त विद्यापीठ, देशातलं पहिलं, अशांसाठी होतं. आधीचं प्रमाणपत्र नसलं तरी पात्रता परीक्षा देऊन तिथे प्रवेश मिळे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यानंतर सात वर्षांनी आलं. पैरवीकाराचा अभ्यास केलेल्या माणसाने मधला माणूस नको असलेली संस्था उभारावी, यात मला अभ्यासाचाच पुढचा टप्पा दिसतो.

प्राध्यापक म्हणतात, हा पदव्यांचा कारखाना. हा शब्द मी टाळणार नाही. ऑटो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने १९६० च्या दशकातच दूरशिक्षणाला शिक्षणाचं औद्योगिक रूप म्हटलं होतं. धडा एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने छापून पाठवायचा, उत्तरं चौथ्याने तपासायची. कामाची अशी विभागणी केल्याशिवाय लाखो विद्यार्थ्यांपर्यंत पोचणार कसं? लाखोंना बाहेर ठेवून जपलेल्या वर्गाचं कौतुक मला करवत नाही.

पण इथेच मी अडकतो. कामाची वाटणी झाली की विद्यार्थ्यासमोर कुणी एक शिक्षक उरत नाही. फॉर्म कुठला, गृहपाठ कधी, निकाल का अडकला, हे विचारायचं कुणाला? मग अभ्यासकेंद्राबाहेर फॉर्म भरून देणारा येतो, तयार उत्तरं विकणारा येतो, पास करून देण्याची हमी देणाराही येतो. रेड्डींनी खेड्यात पाहिलेला माणूस त्यांच्याच दारापाशी उभा राहतो.

म्हणजे प्राध्यापकांचं वाक्य खोटं असलं, तरी त्यामागची चिंता खोटी नाही. संस्था उभी राहिली की तिचं कौतुक करणारे भेटतात आणि तिला नावं ठेवणारेही. तिच्याकडे खेड्यातल्या कचेरीइतक्याच बारकाईने पाहणारे मात्र कमी. मुक्त विद्यापीठ उभारणं हा अभ्यासाचा पुढचा टप्पा होता, असं मी वर म्हटलं. तो टप्पा अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही, असं आता वाटतं. हे काम हैदराबादच्या आणि आपल्याकडच्या राज्यशास्त्र विभागांचं आहे: अभ्यासकेंद्रावर जाऊन बसावं, फॉर्म कोण भरतं, पैसे कोण घेतं, किती घेतं, आणि मध्येच सोडून जाणारा विद्यार्थी नेमका कुठल्या खिडकीपासून परत फिरतो, हे लिहून काढावं.